बेबीताईंनी पुसलेला कॉम्प्युटर

बेबीताईंना एका जागी बसलेलं कोणी पाहिलेलं नाही, आणि गंमत म्हणजे त्यांचा धंदाच बसून करायचा. अकोल्याच्या जुन्या शहरात, राजराजेश्वराच्या देवळाकडे वळणाऱ्या रस्त्यावर त्यांचं फुलांचं दुकान. दुकान म्हणजे काय, चार बांबू, वर ताडपत्री, पुढे एक फळी आणि फळीवर ओल्या गोणपाटाखाली झेंडू, शेवंती, निशिगंध. तिथं मांडी घालून हार गुंफायचे. पण ही बाई एक हार पुरा होईस्तोवर तीनदा उठणार. कधी पाणी शिंपडायला, कधी समोरच्या चहावाल्याला दोन शब्द सुनवायला, तर कधी नुसतंच रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन यायला. नवरा उत्तमराव म्हणायचे, "हिच्या पायाले भिंगरी आहे. बसली का आजारी पडते." उत्तमराव स्वतः बाळापूर रोडच्या मळ्यात फुलं पिकवायचे आणि दिवसाकाठी एखादं वाक्य बोलायचे. त्यातलं बहुतेक हेच असायचं.

या बाईंची एक शिस्त मात्र कडक होती. संध्याकाळी दुकान बंद करताना तिथं एक पाकळी, एक देठ राहता कामा नये. शिळं फूल आणि केर रात्री दुकानात ठेवायचा नाही, हा त्यांच्या सासूचा दंडक होता आणि आता त्यांच्या हातांचा झाला होता. झाडायचं, टोपलीत भरायचं, टोपली उपडी करून यायचं. टोपली रिकामी झाल्याशिवाय त्यांना घरचा रस्ता सापडायचा नाही.

तीस वर्षं त्या तिथं एकट्या बसल्या. गिऱ्हाईक येई, भाव करी, हार घेऊन जाई. त्याला काय बोलणं म्हणायचं? मग मुलाचं, सागरचं लग्न झालं आणि रूपाली आली. रूपालीचं माहेर नांदगाव पेठचं. वडील तिथल्याच एका कापड कारखान्यात. पोरगी अमरावतीत कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होती आणि शेवटचं वर्ष राहिलं असताना लग्न ठरलं. बैठकीत तिच्या वडिलांनी भीत भीत शिक्षणाचा विषय काढला, तेव्हा बेबीताईंनीच छातीठोकपणे सांगितलं होतं, "शिकाचं असन तर शिकू द्या हो. आमी काय पोरीले बांधून ठेवाले आनून राहिलो काय?"

आता बोलण्यात काय जातं! लग्न झालं, रूपाली एक दिवस हौसेनं दुकानावर आली, आणि बेबीताईंना पहिल्यांदा कळलं की दुकानावर हसताही येतं. पोरीची जीभ तिखट, हात चपळ. गिऱ्हाइकाची नक्कल अशी करायची की बेबीताईंच्या डोळ्यांतून पाणी यावं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिला बोलावलं, तिसऱ्या दिवशी ती आपणहून आली, आणि कॉलेजचं नाव पुढल्या वर्षावर गेलं. पुढलं वर्ष आलं तसं त्याच्याही पुढल्या वर्षावर गेलं. बेबीताईंनी तो विषय कधी काढला नाही. कशाला काढतील?

रूपालीचा स्वतःचा फोन उन्हाळ्यात फुलांच्या बादलीत पडला तो पडलाच. सागरचा फोन त्याच्यासोबत मालाच्या गाडीत हिंडायचा. राहिला दुकानाचा फोन. त्यावर हारांच्या ऑर्डरी यायच्या, नवरदेवांच्या मामांचे फोटो यायचे, 'असाच हार पाहिजे' म्हणून. त्याच फोनवर एका दुपारी बेबीताईंनी पाहिलं, तर काळंकुट्ट पान आणि त्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर चाललेल्या.

"अव माय, फोन जळला काय?"

"नाही आई. हा कॉम्प्युटर आहे."

"थो फोन आहे. मले येडी समजते काय?"

"फोनात इंटरनेटचं एक पान उघडलं, आन त्या पानात अख्खा कॉम्प्युटर चालून राहिला. लिनक्स म्हनतात याले. कॉलेजात शिकवून राहिले होते, थेच."

"आन त्याचा डबा कुठं आहे?"

"डबा लागतच नाही. या पानालेच सांगतलं आहे, तूच डबा आहे असं वाग. मंग थे लिनक्स त्याच्यात सुरू होते आन त्याले वाटते का आपन खऱ्याच मशीनवर आहो. मेमरी आहे, डिस्क आहे, घड्याळ आहे. त्याले मालूमच नाही का आपन गोनपाटावर ठेवलेल्या फोनात आहो."

"बिचारं," बेबीताई म्हणाल्या, आणि दोघी मोठ्यानं हसल्या.

पण त्या दिवसापासून त्यांचं लक्ष त्या काळ्या पानावर गेलं ते गेलंच. रूपाली ओल्या बोटांनी टाइप करायची, बोट घसरायचं, ती पदराला पुसायची, पुन्हा करायची. मशीन तसं मंद. फोनाच्या आत फोनानंच रंगवलेलं मशीन, ते पळणार किती? एखादी गोष्ट त्यात बसवायला सांगितली की तेवढ्यात दोन हार व्हायचे. त्यात ऑर्डरीचा फोन आला, फोटो आले, की फोनाचा जीव गुदमरायचा आणि तो बिनधास्त ते पान टाकून द्यायचा. मग रूपाली कपाळाला हात लावायची. म्हणून उठण्याआधी ती सगळं मशीन जसंच्या तसं एका फाइलीत भरून फोनात ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती फाइल पानाला दिली की मशीन जिथं झोपलं तिथून उठायचं. अर्धा शब्द टाइप केलेला असेल तर अर्धाच शब्द समोर. बेबीताईंना याचं फार नवल वाटायचं.

"या एका फाइलीले हात लावू नका बरं आई," रूपालीनं त्यांना बोट ठेवून दाखवलं. "माह्यं सगळं याच्यात आहे."

एकदा तिनं त्या मशीनमध्ये बेबीताईंच्या नावाचं खातं उघडून दिलं. त्यांचा स्वतःचा पासवर्ड, त्यांची स्वतःची जागा. बेबीताईंनी एकेक अक्षर शोधून तो टाइप केला आणि मशीननं त्यांना आत घेतलं. आत काहीच नव्हतं, नुसती एक लुकलुकणारी रेघ. पण मळा उत्तमरावांच्या नावावर, घर उत्तमरावांच्या नावावर, दुकानाची पावतीसुद्धा उत्तमरावांच्या नावानं फाटायची. बाई त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्या दिवशी चहावाल्याला त्यांनी तीनदा सांगितलं की माझं एक खातं आहे, आणि तो समजला बँकेत आहे.

हे सगळं लाडाकोडाचं चाललं होतं तोवर ठीक होतं. मग आषाढात कळलं की पोरगी नुसता वेळ घालवत नाही. अमरावतीत राजापेठेतल्या एका संस्थेनं शिक्षण अर्धवट राहिलेल्या बायांसाठी प्रशिक्षण काढलं होतं. सहा महिने शिकवणार आणि तिथंच कामाला ठेवणार. काम कॉम्प्युटर सांभाळायचं, मोठमोठे, चोवीस तास चालणारे. अट एकच. लिनक्सच्या मशीनवर एक छोटा सर्व्हर स्वतः उभा करायचा आणि तो चालू स्थितीत दाखवायचा. रूपालीनं अर्जात 'मशीन आहे' असं ठोकून दिलं होतं. खोटं थोडंच होतं?

श्रावणातल्या एका गुरुवारी दुपारी संस्थेचा निरोप आला. मंगळवारी या. रूपालीनं आनंदानं तिथल्या तिथं आईला फोन लावला, आणि बेबीताई शेजारीच गुलाबाचे काटे काढत होत्या, त्यांच्या कानावर पडलं, "निवड झाली तर तुह्याजवळच राहीन ना मी. सहा दिवस तिकडेच. रोज येनं-जानं जमनार आहे काय?"

सागरला माहीत होतं, त्यानं हो म्हटलं होतं. बेबीताईंनाही तसं सांगितलं होतं म्हणे, पण सांगणं वेगळं आणि कानावर पडणं वेगळं. रूपाली सुई-दोरा आणायला बाजारात गेली. बेबीताई उठल्या. रस्त्याच्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या. पाणी शिंपडलेल्या फुलांवर पुन्हा शिंपडलं. सहा दिवस! म्हणजे राहिलं काय? पुन्हा आपण, चार बांबू आणि ताडपत्री. माहेरी राहिलेली पोरगी आज रविवारी येईल, उद्या सणाला येईल, परवा म्हणेल तुम्हीच या.

नेमका तेव्हाच फोन वाजला. शेवटचा श्रावण सोमवार तोंडावर होता. अकोल्यात त्या दिवशी पूर्णेचं पाणी घेऊन कावडी येतात, गल्लीगल्लीचं मंडळ आपली कावड सजवतं, आणि तेवढे हार अख्ख्या वर्षात खपत नाहीत. कुठल्याशा मंडळानं मागच्या वर्षीच्या कावडीचा भलामोठा व्हिडिओ पाठवला होता, आणि फोन म्हणत होता, जागा संपली. सर्वांत मोठ्या फाइली दाखवू? बेबीताई सातवी शिकलेल्या, फोन मराठीत. त्यांनी हो दाबलं. सर्वांत वर तीच फाइल होती.

आता खरं सांगायचं तर त्यांनी ती ओळखली. चुकून झालं असं म्हणायला मलाही आवडलं असतं, पण तसं नव्हतं. फोननं विचारलं, हटवायची? त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, चोरासारखं, आणि हो म्हटलं. आणि मग कहर पाहा. फोननं सांगितलं, कचऱ्यात टाकली आहे. कचरा म्हटल्यावर या बाईंचा अंगठा थांबतो काय? डोक्यानं काही विचार करायच्या आतच हातानं कचरापेटी रिकामी केली. टोपली उपडी झाली. व्हिडिओ ऐटीत उतरला.

पाचच मिनिटांनी त्यांनी सागरला गाडीवर फोन लावला. आवाज जमेल तितका साधा ठेवून विचारलं, "काय रे, फोनातून काही पुसलं गेलं तर वापस येते काय?"

"येते ना. कचऱ्यात राहते महिनाभर. तथून उचलाचं."

"आन कचरा फेकला असन तर?"

"मंग गेलं. काहून व, काय पुसलं?"

"काही नाही. फोटो होता एक," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि दिवसाउजेडी, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी, झाडू घेऊन स्वच्छ दुकान झाडायला लागल्या.

शुक्रवारी रूपालीला कळलं. तिनं फोन उलटासुलटा धुंडाळला, बंद करून चालू केला, पुन्हा धुंडाळला. मग मुकाट्यानं फळीवर ठेवला. बेबीताई वाट पाहत होत्या. आता ओरडेल, आता विचारेल. पण ती म्हणाली, "फोन भरला होता ना, त्यानंच खाल्ली असन. मी दुसऱ्या जागी ठेवाले पाहिजे होती. अक्कल नाही मले." आणि तिचे डोळे भरून आले, तसे शेवंतीत हात घालून तिनं हार सुरू केला.

संध्याकाळी सागरला तिनं सांगून टाकलं, "नाही जात मी मंगळवारी. दोनदा अर्ध्यातून सुटलं. माह्या नशिबातच नाही थे, जाऊ द्या."

झालं! बेबीताईंना हवं होतं तेच झालं. पोरगी कुठं जाणार नाही. कोणाला संशय नाही, भांडण नाही. देवानं ताटात वाढून द्यावं तसं सगळं मिळालं होतं. आणि त्यातला घास त्यांच्या घशाखाली उतरेना.

कारण जी रूपाली दुकानावर राहिली होती ती रूपालीच नव्हती. हार व्हायचे, सरळ, सुबक. गिऱ्हाइकाला भाव सांगायची, पैसे घ्यायची. पण नक्कल नाही, हसणं नाही. विचारलं तर 'हो आई', नाही विचारलं तर तेही नाही. शनिवारी एक खडूस म्हातारा येऊन बेलाच्या पानांवरून अर्धा तास हुज्जत घालून गेला, असला नमुना तिनं एरवी आठवडाभर पुरवला असता. तिनं मान वर केली नाही. बेबीताई शनिवारी इतक्या वेळा उठल्या-बसल्या की चहावाल्यानं विचारलं, "ताई, पाठ दुखून राहिली काय?" त्यांनी त्याला असं फाडून खाल्लं की बिचाऱ्यानं दिवसभर इकडे पाहिलं नाही. जेवण जाईना. मळ्यातून आलेल्या उत्तमरावांनी पाहिलं, म्हणाले, "बस जराशी." बसवेना.

रविवारी सकाळी दुकान लागलं. कावडीवाले पूर्णेचं पाणी आणायला गांधीग्रामच्या वाटेला लागायच्या तयारीत, रस्त्यावर ढोल तापत होते. रूपाली मोठ्या हाराचा दोर मोजत होती. बेबीताई तिच्यासमोर येऊन बसल्या, आणि बसल्यावर उठल्या नाहीत.

"फाइल मी पुसली."

रूपालीचा हात चालूच होता. "कोनती?"

"तुही. थे कॉम्प्युटरची."

"चुकून बोट लागलं असन आई. जाऊ द्या."

सुटायचं असतं तर इथं सुटता आलं असतं. 'हो' म्हटलं की मिटलं. बेबीताईंच्या ओठांपर्यंत तो हो आलासुद्धा.

"चुकून नाही. वाचून पुसली. मले मालूम होतं, तुह्यं सगळं त्याच्यात आहे. तू अमरावतीले गेली तर मी एकटी पडीन म्हनून पुसली. कचरा मात्र सवयीनं फेकला, नाही तर त्याच दिवशी वापस आनून देल्ली असती."

दोर हातातून पडला. रूपालीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. शुक्रवारपासून विझलेल्या त्या चेहऱ्यावर बेबीताईंना पहिल्यांदा जीव दिसला, भले तो रागाचा असेना का.

"म्हनजे नशीब नव्हतं," ती म्हणाली. "तुमी होत्या."

"हो."

"मी तीन दिवस सोतालेच शिव्या देऊन राहिली. आन तुमी इथं बसून पाहून राहिल्या?"

"हो, पोरी."

"पोरी म्हनू नका मले. आन रडू बी नका, मले कीव येईन आन मले आत्ता कीव नाही पाहिजे." ती उठली, पदर खोचला. "फोन द्या. मंगळवारपर्यंत फोन माह्या. कोनाचा फोन घेनार नाही, कोनाची ऑर्डर घेनार नाही."

आता त्या रविवारी फोन देणं म्हणजे काय, हे फूलवाल्यालाच कळेल. कावडीची मंडळं त्याच दिवशी फोन करतात, दोन वेळा वाजवतात आणि उचलला नाही की पुढच्या दुकानाला लावतात. उत्तमराव तिथंच टोपल्या उतरवत होते. त्यांनी त्या दिवशी वर्षभराचं बोलून घेतलं. "अव, डोकं फिरलं काय तुह्यं? ऐन सोमवारी फोन देऊन राहिली!"

"ज्याले हार पाहिजे थो पायानं येईन," बेबीताई म्हणाल्या. "घेऊन जा व तू." आणि त्यांनी फोन तिच्या हातात दिला. रूपालीनं तो घेतला, त्यांच्याकडे न बघता.

ती घरच्या मागच्या खोलीत जाऊन बसली ती दोन दिवस. आधी वाट शोधत गेली होती, म्हणून आठवडे लागले. आता वाट पायाखालची होती. रागही होताच, तो काय कमी कामाचा असतो? काळं पान पुन्हा उघडलं, पांढऱ्या ओळी पुन्हा सरसर वर गेल्या, आणि कोऱ्या मशीनवर तिनं पहिल्यापासून एकेक गोष्ट बसवायला घेतली. फोन वाजला की कापायची. कापला की पुढे.

सोमवारी जुन्या शहरात पाय ठेवायला जागा नव्हती. कावडींमागून कावडी, ढोल, गुलाल, खांद्यांवर पाण्याच्या घागरी. बेबीताई एकट्या बसल्या होत्या. दरवर्षीची दोन मंडळं दुसऱ्याच कोणाचे हार घालून त्यांच्यासमोरून वाजतगाजत गेली. त्यातला एक ओळखीचा पोरगा ओरडला, "काकू, फोन काहून नाही उचलला?" काकूंनी नुसता हात हलवला. दुपारी दुकान उत्तमरावांवर टाकून त्या डबा घेऊन घरी आल्या. दारातून पाहिलं, रूपालीची मान फोनात. तिचं काम संपत आलं होतं आणि ती सागरला सांगत होती, "आधी मी रोजची नक्कल, म्हनजे बॅकअप, आपोआप निघाची सोय केली होती, पन नक्कल त्याच मशीनच्या पोटात ठेवली. घराची दुसरी चाबी घरातच ठेवून कुलूप लावलं मी. थे माह्यं चुकलं." या खेपेला फाइल पेनड्राइव्हवर गेली, सागरच्या फोनात गेली, मेलवरही गेली.

बेबीताईंनी डबा ठेवला. विचारू नये ते विचारलं. "माह्यं खातं केलं काय व त्याच्यात?"

"नाही."

"बरं," म्हणून त्या परत दुकानाकडे निघाल्या. रस्ताभर ढोल वाजत होते, त्यामुळे कोणाला काही ऐकू आलं नाही.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं सागर आणि रूपाली अमरावतीला गेले. बेबीताईंचा तो दिवस कसा गेला ते विचारू नका. मूर्तिजापूर आलं असेल, बडनेरा आलं असेल, आता राजापेठ, आता नंबर लागला असेल. पाकळी नसलेलं दुकान त्यांनी दोनदा झाडलं. संध्याकाळी सागर आला तो एकटाच.

"थे कुठं आहे?"

"नांदगाव पेठले थांबली. गुरुवारी येते म्हने."

सागरनं मग उभ्या उभ्याच सांगितलं. संस्थेतल्या बाईंनी विचारलं, मशीन कुठं आहे? रूपालीनं पेनड्राइव्ह काढला, त्यांच्याच कॉम्प्युटरवर ते पान उघडलं, फाइल दिली, आणि अकोल्याच्या मागच्या खोलीत झोपवलेलं मशीन राजापेठेत उठलं, सर्व्हर चालू. ते लोक खुर्च्या ओढून बघायला आले. निवड झाली, एक तारखेपासून यायचं आहे.

"आन आई, त्या बाईनं एक विचारलं. म्हने, तारखा तर कालच्या-परवाच्या दिसतात, तुमी तर अर्जात लिवलं का महिन्यापासून करून राहिली. मले वाटलं आता रूपाली सांगते सगळं. तर थे म्हने, आधीची फाइल गेली, माह्या चुकीनं. मी नक्कल बाहेर ठेवली नव्हती."

"माह्यं नाव?"

"नाही घेतलं."

तेव्हा बेबीताई रडल्या. भर रस्त्यात, पदर तोंडाला लावून, चहावाला बघत असताना.

गुरुवारी दुपारी रूपाली बसमधून उतरली ती थेट दुकानावर. पिशवी खाली ठेवली, हात धुतले, समोरची शेवंती ओढली आणि सुई घेतली. एक हार पुरा झाला, दुसरा सुरू झाला. शेवटी बेबीताईंनाच राहवलं नाही.

"तू तथी माह्यं नाव काहून नाही सांगतलं?"

"कायले सांगू? तुमचं-माह्यं भांडन घरचं आहे. राजापेठेच्या बाईचा काय संबंध त्याच्यात?"

"मंग मिटलं काय भांडन?"

"नाही मिटलं." रूपालीनं दोरा दातानं तोडला. "मले लय बोलाचं आहे तुमाले. लग्नाच्या बैठकीत काय बोलल्या होत्या, तथून सुरू करनार आहे मी. सहा दिवस तिकडे काम करीन आन रविवारी येऊन भांडीन."

बेबीताईंनी हातातला झेंडू खाली ठेवला. "दर रविवारी?"

"दर रविवारी."

"ये मंग," बेबीताई म्हणाल्या, आणि झेंडू पुन्हा उचलला. "सावकाश भांड. एका रविवारात संपवू नको."